आमची वाटचाल : एका वडीच्या चार वड्या

आज आमच्याकडे साबणाच्या चार वड्या बनतात. एक सर्वसाधारण त्वचेची, एक कोरड्या, एक तेलकट आणि एक नाजूक त्वचेची. चौघींतली तेलं जवळपास तीच आहेत: खोबरेल, ऑलिव्ह, राइस ब्रॅन (तांदळाच्या कोंड्याचं तेल), कोकमाचं तेल आणि एरंडेल. बदलतं ते त्यांचं प्रमाण आणि तेलाचा साबण करणारा कॉस्टिक सोडा गरजेपेक्षा किती टक्के कमी घालायचा हा आकडा. वेष्टनावर कोरफड, हळद, चंदनाची चित्रं कितीही असली, तरी वडी अंगाला मऊ लागणार की अंग ओढून धरणार, हे या दोन गोष्टींवरच ठरतं.

आमची पहिली वडी ४० टक्के खोबरेल आणि ६० टक्के सूर्यफूल तेलाची होती. दोन्ही तेलं सहज मिळणारी, फेसही भरपूर. पण कोकणातल्या दमट हवेत दोन-अडीच महिन्यांत वडीवर नारिंगी ठिपके उठायचे आणि जुन्या तेलासारखा खवट वास यायचा. कारण सूर्यफुलातलं लिनोलेइक आम्ल, तेलाचाच एक घटक. बाजारातल्या नेहमीच्या सूर्यफूल तेलात ते ६० टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे आमच्या वडीतल्या एकूण तेलात ३६ टक्के झालं. ते हवेतल्या ऑक्सिजनने लवकर बिघडतं, आणि साच्याचा किंवा जाळीचा लोखंडी भाग वडीला लागत असेल तर आणखी लवकर. आता एकूण तेलात लिनोलेइक १५ टक्क्यांच्या आत ठेवतो आणि वड्या प्लॅस्टिकच्या जाळ्यांवर मुरवतो, म्हणजे काही आठवडे सुकत ठेवतो. राइस ब्रॅनमध्येही लिनोलेइक बरंच असतं, म्हणून ते २० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

सूर्यफूल काढून बसवलेली सर्वसाधारण वडीची कृती आजही तीच आहे. १ किलो तेलासाठी खोबरेल ३०० ग्रॅम, ऑलिव्ह २५०, राइस ब्रॅन २००, कोकमाचं तेल २००, एरंडेल ५०. खोबरेलातलं लॉरिक आम्ल झटपट फेस देतं आणि मळ काढतं. कोकमातलं स्टिअरिक आम्ल वडीला घट्टपणा देतं. ऑलिव्ह सौम्यपणा आणतं. एरंडेल फेस टिकवतं, पण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की वडी चिकट होते.

कॉस्टिकचा हिशेब प्रत्येक तेलाचा वेगळा. १ ग्रॅम खोबरेलाला ०.१८३ ग्रॅम, ऑलिव्हला ०.१३४, राइस ब्रॅनला ०.१३३, कोकमाला ०.१३५ आणि एरंडेलाला ०.१२८ ग्रॅम लागतं. वरच्या कृतीला ते १४८.४ ग्रॅम होतं. त्यातून ५ टक्के कमी करून आम्ही १४१ ग्रॅम घेतो, म्हणजे थोडं तेल साबण न होता वडीत मोकळं राहतं. पाणी २८२ ग्रॅम. कॉस्टिक पाण्यात सोडायचं, पाणी कॉस्टिकवर कधीही ओतायचं नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमचं भांडं जवळही आणायचं नाही. तेल बदलून जुनाच आकडा ठेवला की मोठी चूक होते. खोबरेल संपलं म्हणून ते ३०० ग्रॅम ऑलिव्ह घालून भरून काढलं, तर गरज १३३.७ ग्रॅमवर येते. कॉस्टिक १४१ तसंच ठेवलं, तर ७ ग्रॅमहून जास्त कॉस्टिक मोकळं राहतं. दिसायला वडी सुरेख, आणि लावल्यावर आग.

कोकमाच्या तेलाबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. आमच्या भागात त्याचे हाताने वळलेले गोळे मिळतात. भेगाळलेल्या टाचांना ते घरोघरी लावतात. ते ४० अंशांच्या आसपास वितळतं, आणि नेमकी तिथेच फसगत होते. बाकीची तेलं गार असताना कॉस्टिकचं पाणी ओतलं, तर कोकम पुन्हा गोठू लागतं आणि मिश्रण दाट दिसतं. साबण धरला असं वाटून साच्यात ओतावं, तर दुसऱ्या दिवशी वर तेलाचा थर आणि खाली कॉस्टिकचं पाणी. म्हणून तेल आणि कॉस्टिकचं पाणी दोन्ही ४५ अंशांवर आणून मगच एकत्र करतो. मिश्रणाची धार वरून सोडली, तिची रेघ पृष्ठभागावर क्षणभर टिकली, आणि दोन मिनिटं न ढवळता ठेवून पुन्हा ढवळल्यावरही दाटपणा तसाच राहिला, तरच साबण धरला म्हणायचं.

कोरड्या त्वचेच्या वडीत खोबरेल निम्म्यावर आणलं: खोबरेल १५०, ऑलिव्ह ४००, राइस ब्रॅन १००, कोकम ३००, एरंडेल ५०. कॉस्टिक ८ टक्के कमी, म्हणजे १३० ग्रॅम. अंगाला ही वडी छान लागते, पण बोअरवेलच्या जड पाण्यात फेस येईना. जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून न विरघळणारा साका बनतो. तोच बादलीला आणि अंगाला चिकटतो, आणि कोरडी त्वचा आणखी खरखरीत होते. त्यावर आम्ही १ किलो तेलाला १० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून घालतो. त्याचं सोडियम सायट्रेट होऊन कॅल्शियम काही प्रमाणात बांधलं जातं. मात्र हे १० ग्रॅम स्वतःच सुमारे ६ ग्रॅम कॉस्टिक खातात. तेवढं वाढवून १३६ घ्यायचं विसरलं, तर मोकळं तेल ८ वरून १२ टक्क्यांवर जातं, वडी लिबलिबीत होते आणि खवटही लवकर होते.

तेलकट त्वचेसाठी खोबरेल ४० टक्के आणि कॉस्टिक ४ टक्के कमी, इथेच आम्ही थांबलो. खोबरेल ६० टक्क्यांवर नेलं की धुतल्यावर त्वचा बोटाखाली करकरते. अनेकांना ती स्वच्छतेची खूण वाटते. आमच्या मते ती जास्त तेल काढल्याची खूण आहे, त्वचा पुढे ओढल्यासारखी होते. मुलतानी माती १ किलो तेलाला २० ग्रॅम घालतो, तीही आधी ४० ग्रॅम पाण्यात भिजवून. कोरडी घातली तर ती मिश्रणातलं पाणी शोषते, गुठळ्या होतात आणि वडीला तडे जातात.

हळद आम्ही सगळ्या वड्यांतून काढली. हळद आणि चुन्याचं कुंकू होतं हे आपल्याला ठाऊक आहे. कॉस्टिकमध्येही हळद तशीच लाल होते. वडी मुरताना रंग पिवळट तपकिरी होतो आणि उजेडात उडतो. धुऊन टाकायच्या वस्तूत चिमूटभर हळदीने त्वचेला काही मिळतं, असं आम्हाला वाटत नाही. लेप लावायचा तर तिचा उपयोग निराळा.

बाजारातली वेष्टनं तुलनेसाठी वाचताना आम्ही आधी तेल शोधतो. सोडियम पामेट म्हणजे पाम तेलाचा साबण, सोडियम पाम कर्नेलेट किंवा सोडियम कोकोएट म्हणजे खोबरेलाच्या जातीचा. ८० ला २० हे कारखान्यांतलं नेहमीचं प्रमाण. दुसरा घटक जितका जास्त, तितका फेस आणि तितकी ओढ. टीएफएम म्हणजे एकूण स्निग्धांश. भारतीय मानकांत टॉयलेट सोपच्या पहिल्या प्रतीला तो किमान ७६ टक्के, दुसरीला ७० आणि तिसरीला ६० लागतो. बाथिंग बारला ४० चालतो. हा आकडा साबण किती ते सांगतो, कोणत्या तेलाचा ते सांगत नाही. ७६ टक्क्यांचा साबणही कोरड्या त्वचेला जड जाऊ शकतो. यादीतले १ टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्याखालचे कसेही चालतात. चित्रातली वनस्पती सुगंधाच्याही नंतर आली असेल, तर ती नावापुरती समजावी. साबण होताना तेलातून सुटणारं ग्लिसरीनही पाहावं. मोठ्या कारखान्यात ते बहुधा वेगळं काढतात. मिश्रण न शिजवण्याच्या आमच्या थंड पद्धतीत तेलाच्या सुमारे १० टक्के ग्लिसरीन वडीतच राहतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि म्हणूनच पावसाळ्यात वडीला घाम येतो. सहा आठवडे मुरवून घट्ट गुंडाळणं हाच त्यावर उपाय. कापताना ११५ ग्रॅमची असलेली वडी तोवर १०० ग्रॅमवर येते.

नाजूक त्वचेची वडी कोरड्या त्वचेच्याच कृतीवर उभी आहे. फक्त त्यात रंग, सुगंध, माती, दूध, काहीच नाही. नैसर्गिक म्हणून सुगंधी तेलं निर्धोक ठरत नाहीत. लवंग, दालचिनी, लिंबू यांच्या तेलांनीही पुरळ उठू शकतं. आणि हे आम्ही गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो: तेल आणि कॉस्टिकपासून बनलेल्या कोणत्याही खऱ्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कधर्मीपणाचं माप) ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. मोकळं तेल वाढवून हा फरक मिटत नाही. एक्झिमा असेल किंवा त्वचा फाटून चिघळत असेल, तर यादीत सोडियम कोकोइल आयसेथिओनेट सुरुवातीला असलेला, साबण नसलेला बार पाहावा आणि त्वचारोगतज्ज्ञांना विचारावं. तो बार आम्ही बनवत नाही. बाकीच्यांनी नवी वडी आधी कोपराच्या आतल्या बाजूला दोन-तीन दिवस लावून पाहावी, मगच चेहऱ्यावर.