रूफाची आई

आमच्या चर्चची स्मरणिका हाती आल्यापासून मन थाऱ्यावर नाही. कॅनडाहून आलेल्या मिशनऱ्यांपासून 1887 साली सुरू झालेल्या इंदूर ख्रिश्चन कॉलेजपर्यंत साऱ्यांचा तिच्यात यथोचित उल्लेख आहे, देणगीदारांची छायाचित्रे तर रंगीत आहेत. मात्र माझ्या जन्माआधीपासून प्रभुभोजनाच्या विधीतले द्राक्षारसाचे इवलेसे पेले धुऊन, पुसून, मोजून ठेवणाऱ्या मावशींचे नाव कुठेही नाही. मी छापखान्याच्या पत्त्यापर्यंत सगळे वाचून काढले.

सचिवांना विचारले, तर ते प्रसन्नपणे म्हणाले, “ताई, देवाच्या वहीत नोंद आहे ना!” आहेच. तुमचे कार्य विसरून जाण्याइतका देव अन्यायी नाही, हे बायबलमधल्या इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातले वचन मलाही पाठ आहे. परंतु आपल्या विसराळूपणाचा भार असा देवावर टाकून मोकळे होणे मला सहन होत नाही. प्रेषित पौलाचा देवाच्या स्मरणावर आपल्याहून कमी विश्वास नव्हता, तरीही रोमकरांस पत्र लिहिताना सोळाव्या अध्यायात तो 30हून अधिक नावे घेतो. त्यांत प्रभूमध्ये पुष्कळ श्रम केलेली पर्सिस आहे, आणि ज्याच्याविषयी ‘बंधू’ यापलीकडे आपल्याला काहीच कळत नाही असा क्वर्तही आहे. पत्र लिहून घेणाऱ्या तर्तियालासुद्धा तिथे स्वतःचा सलाम सांगायला जागा मिळाली. आमच्या समितीला एक ओळ जड झाली. आईच्या वेळीही असेच... ते असो.

संध्याकाळी हे सारे मावशींना तावातावाने ऐकवले. त्यांनी चष्मा पुसून तोच अध्याय काढला आणि तेराव्या वचनावर बोट ठेवले. रूफाला सलाम, आणि पौलाला जी आपलीही आई वाटे त्या रूफाच्या आईलाही. “हिचं नाव दाखव बरं,” त्या म्हणाल्या.

मी निरुत्तर झाले. तिने पौलाला जेवू घातले असेल, आजारपणात उशाशी बसली असेल, आणि इतक्या नावांच्या यादीत ती मात्र नावावाचून राहिली. तरी तिला वगळून त्याला पुढे जाता आले नाही, असे मी पुटपुटले; पण तोवर मावशी स्मरणिकेतल्या सामूहिक छायाचित्रात गढल्या होत्या, ज्यात त्यांचे कोपर आणि पदराचा काठ दिसतो. एवढ्यावर त्यांचे समाधान व्हावे, हे मला अजूनही पटत नाही.

गुडघे दुखत असल्याने या रविवारचे पेले मी धुवायचे, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. समितीच्या कानावर हे घालून ठेवावे का, असा विचार माझ्या मनात आला आणि माझे मलाच हसू आले.