गोल्डफिशची वजनवही: डिसेंबर ते मे

१५ मे. आज वजन केलं आणि थोडा वेळ वहीकडे बघतच बसलो. चार ऑरांडा (गोल्डफिशचीच एक जात) मिळून २४३ ग्रॅम. १५ डिसेंबरला हेच चौघे २१२ होते, १५ फेब्रुवारीला २४१. म्हणजे थंडीच्या दोन महिन्यांत २९ ग्रॅमची भर आणि पुढच्या तीन महिन्यांत दोन! वजन करायचं म्हणजे पातेल्यात पाणी घेऊन काटा शून्यावर आणायचा आणि ओल्या हाताने एकेक मासा सोडायचा. लाली दरवेळी शेपटी आपटून चमचाभर पाणी उडवते. त्यामुळे ते दोन ग्रॅमही खरे धरू नका.

खाणं तेच, रोज २ ग्रॅम पेलेट. बदललं ते पाणी. पुण्यातल्या आमच्या हॉलमधली टाकी जानेवारीत १९-२० अंशांवर होती. एप्रिलपासून ३० च्या खाली यायला तयार नाही.

उकाड्यात आपल्याला जेवण जात नाही, पण हे उलट जास्त हावरट झालेत. काचेपाशी कोणी फिरकलं की तोंडं वर. आई म्हणते मी त्यांना उपाशी मारतोय, आणि तसं तिचं बरोबर आहे. माशाचं अंग पाण्याबरोबर तापतं. पाणी दहा अंशांनी चढलं की नुसतं जगण्याचा खर्च ढोबळमानाने दुप्पट होतो. थंडीत त्या २ ग्रॅममधून काही शिल्लक पडायचं, आता सगळं घरखर्चातच जातं.

कॅनडातले मत्स्यशास्त्रज्ञ ब्रेट यांच्या १९६९ च्या सॉकाय सॅमन माशावरच्या कामात हा हिशेब स्वच्छ दिसतो. पोटभर खाणं असताना पिल्लं सर्वांत चांगली वाढली १५ अंशांना. खाणं रोज वजनाच्या दीड टक्क्यावर आणलं, तर ५ अंशांच्या आसपास. गोल्डफिश सॅमनपेक्षा खूप जास्त उष्णता सोसतो, आकडे वेगळे येणार, पण रीत तीच.

मग खाणं वाढवावं? एप्रिलात पाच दिवस ४ ग्रॅम देऊन पाहिलं. पाण्यातला अमोनिया तपासायची नळी हिरवी झाली, म्हणजे अमोनिया वाढला, आणि लाली वर येऊन हवा गिळायला लागली. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० ला साडेसात. त्यात पचनालाच जादा प्राणवायू लागतो. निम्मं पाणी बदललं आणि गुपचूप २ वर आलो.

आजपासून झाकण काढून मच्छरदाणीचा तुकडा ताणलाय, वर टेबल फॅन. संध्याकाळी २७.५. उडालेलं पाणी रोज भरावं लागणार, पण बर्फाच्या बाटल्यांनी होणाऱ्या चढउतारापेक्षा हे बरं. खाणं अडीच ग्रॅम, तीन वेळा थोडं थोडं. पुढचं वजन १५ जूनला.