रेघ राहिली

बडोद्याहून निघताना आजीने एकच विचारलं होतं, "तिथे कोण आहे आपलं?" आमच्या दांडिया बाजारातून परदेशी गेलेले सगळे अमेरिकेला, नाहीतर कॅनडाला. मी निघाले होते मॉरिशसला, बी.एड.च्या अभ्यासदौऱ्यावर. म्हटलं, "कोणी नाही गं. शाळा बघायच्या आणि समुद्र."

इथे सरकारी प्राथमिक शाळेत मुलं इंग्रजी-फ्रेंच शिकतातच, शिवाय पूर्वजांची एक भाषा निवडता येते. हिंदी, तमिळ, तेलुगू, उर्दू, आणि मराठी! हे सरांनी आधी सांगितलं होतं, पण मी थेपल्यांच्या हिशेबात होते. त्यामुळे तिसऱ्या दिवशी एका वर्गाच्या भिंतीवर 'क कमळाचा' दिसलं तेव्हा मी खरंच दचकले.

वर्गात नऊच मुलं. बाहेर व्हरांड्यात ती आपसात क्रिओलमध्ये कलकलत होती, फ्रेंचच्या वळणाची भाषा, मला एक अक्षर कळेना. आत आल्यावर उभी राहून एका सुरात म्हणाली, "नमस्कार, आपले स्वागत आहे." आमच्या घरी कोणी कोणाला 'आपले' म्हणत नाही. आमची मराठी म्हणजे भाजीला शाक, खिडकीला बारी. मी सवयीने "बारी उघडू का?" विचारलं, तर त्यांच्या बाई गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "खिडकी?"

पुढे आमच्या सरांचं भाषण. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेलीत सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सगळ्या संस्थानात नेला, वगैरे. हे प्रत्येक शाळेत झालं, आम्ही मागे उभं राहून नुसते ओठ हलवायचो.

मग बाईंनी माझ्या हातात खडू दिला. एक वाक्य लिहा म्हणाल्या. मी झोकात लिहिलं : 'आम्ही बडोद्याहून आलो.' पहिल्या बाकावरचा एक मुलगा बोट वर करून म्हणाला, "मिस, रेघ?"

शिरोरेषा नव्हती. एकाही शब्दावर नव्हती. बारावीपर्यंत गुजराती माध्यम, आणि गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. हिंदीच्या पेपरातसुद्धा मी रेघा शेवटी मारायचे, वेळ उरला तर. मराठी मी घरी बोलते, भांडते, पण तशी लिहिलेली कधीच नाही. आणि हा पोरगा घरी क्रिओल बोलतो, आणि आमची लिपी काटेकोर लिहितो. तो उठला, पट्टी घेतली आणि फळ्यावर माझ्या तिन्ही शब्दांना रेघा मारून दिल्या. आमच्या ग्रुपमधले गुजराती मित्र हसून लोळायचे बाकी होते.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर दुसऱ्या दिवशी गेलो. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख मजूर करारावर इथे उतरले, बरेचसे उसाच्या मळ्यांत राबायला. बहुतेक बिहार-पूर्व उत्तर प्रदेशातले, पण मुंबई बंदरातून रत्नागिरीकडचेही आले. घाटाच्या पायऱ्या काळ्या बसाल्टच्या. सह्याद्रीचा दगडही हाच, एवढं भूगोलाचं मला आठवत होतं, म्हणून एका पायरीवर हात ठेवून बघितला. गरम होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत या मजुरांची कागदपत्रं जपलेली आहेत. प्रत्येकाला एक नंबर, आणि पुढच्या काळातल्या नोंदींत फोटोही. कोकणातली जाखडी इथे अजून नाचतात, 'झाकरी' म्हणतात. गणेश चतुर्थीला तर देशभर सार्वजनिक सुट्टी.

समुद्राबद्दल लिहायचं राहिलंच. बेटाभोवती प्रवाळाचा कठडा आहे, लाटा दूर तिथेच फुटतात आणि किनाऱ्यालगतचं पाणी आमच्या बडोद्याच्या सुरसागर तलावासारखं निवांत. दक्षिणेला ग्री-ग्रीला मात्र कठडा तुटलेला, तिथे लाटा थेट कड्यावर आदळतात. तिथे उभं राहून कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. ल मोर्नचा डोंगर बसमधूनच पाहिला. पळून आलेले गुलाम तिथे लपून राहायचे.

खाण्याचं एकच सांगते : दोल पुरी. पुरणपोळीतला गूळ काढून टाका, हरभऱ्याची डाळ तेवढी ठेवा, मऊ पोळी, वर घेवड्याचा रस्सा आणि मिरचीची चटणी. गाडीवर उभ्या उभ्या मी तीन खाल्ल्या.

आजीला फोनवर झाकरीचं सांगितलं. "मग कोणी नाही असं कशाला म्हणालीस?" म्हणाली.

ही पोस्ट आधी वहीत लिहिली. पहिल्या पानावर रेघा पुन्हा राहिल्या आहेत. मोबाइलवर टाइप करताना त्या आपोआप आल्या.