तुम्ही विचारलंत म्हणून: आमची होडी मागून का बसते

वर्सोव्याच्या खाडीत मागचा भाग पाण्यात खाली दबलेली आमची जुनी फायबरची होडी दिसली की धक्क्यावरून कुणीतरी ओरडतंच, “मागनं बसलीय रे, पाणी काढ!” पाणी काढलेलं असतं. पाणी काढायच्या भोकाचं बूचही धड आहे.

त्यानंतरचा शेरा ठरलेला, “इंजिन जड घेतलंस.” अर्धं खरं. त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक इंजिन जुन्या टू-स्ट्रोकपेक्षा जड असतं, आणि अगदी टोकाला टांगलेलं वजन मधल्या वजनापेक्षा जास्त दाबतं. म्हणून पेट्रोलची टाकी आणि बर्फाची पेटी पुढे नेली. फरक पडला, थोडासाच. पण होडी टू-स्ट्रोकवरही बसायचीच, हे सोयीने विसरता. अमेरिकेतल्या जुन्या बास बोटींचंही (बास मासा गळाने धरायच्या छोट्या होड्या) हेच दुखणं. इंजिन, बॅटऱ्या, जिवंत माशांची टाकी, सगळा संसार मागे.

खरं कारण पावसाळी मासेमारी बंदीत कळलं. होडी वर ओढलेली, बाबा बाजूला खुर्ची टाकून बसलेले. कारागिराने मागच्या तळाला भोक पाडलं आणि पाणी ठिबकायला लागलं. थांबेचना. मग आतून, पाय ठेवतो तो तळ कापला. खालचा फोम बाबांनीच हौसेने भरून घेतलेला, होडीत पाणी भरलं तरी ती तरंगावी म्हणून. तो चहात बुडवलेल्या पावासारखा हातात तुटत होता. नवा फोम पाणी पीत नाही. पण वर्षानुवर्षं ओलीत राहिला, हादरे खाल्ले की त्याच्या बंद पेशी फुटतात. आत शिरलेलं पाणी मग बुचापर्यंत येतच नाही. लिटरला किलो, आणि आम्ही बादल्या भरत होतो.

बाबा फोमकडे बघतच नव्हते. कारागिरासमोर मला म्हणाले, “तू स्क्रू मारलेस, तिथनं गेलं पाणी.” मग जीपीएस काय हातात धरून बसायचा? मी तसं बोललोही. ते उठून घरी गेले. स्क्रूच्या भोकांतून पाणी जातं, हे मला माहीत आहे. सगळं तिथूनच गेलं, हे मात्र अजून मान्य नाही.

मागचा फोम बदलला. होडी मागून वर आली, पण पुरती नाही. ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतो त्या मागच्या उभ्या भिंतीवर, हातोडी मारली की खाली बद्द आवाज येतो, म्हणजे आतलं प्लायवूडही भिजलंय. बाबा म्हणतात, फोम काढून टाक, कप्पा रिकामा ठेव. पूर्वी मलाही तेच पटायचं. पण रिकाम्या कप्प्याला चीर गेली तर त्यात पाणीच भरणार ना? उरलेला पैसा ट्रान्समला घालायचा की पुढचाही तळ उघडायचा, यावर घरात रोज वाजतंय.