आज्जीच्या ओठाचा डावा कोपरा

दिवाळीपासून आज्जीला काढतोय. पोझ एकच, सोप्यात खुर्चीवर बसलेली, हात मांडीवर. कागद ४३ झाले. डोळे जमतात, कपाळावरचं गोंदण जमतं, नाक तर आता झोपेत पण काढीन, पण ओठाचा डावा कोपरा काही केल्या येत नाही. वर्षानुवर्षं त्याच बाजूनं मिश्री लावून तिथं ओठ जरासा आत दुमडलाय, आणि दुपारी जेवण झालं की ती कवळी काढून वाटीत ठेवते मग सगळं तोंडच बदलतं. सकाळी एक आज्जी, दुपारी दुसरी. कवळी घालून बस म्हणलं तर म्हणते, "फोटू काढ की मोबाईलवर, दोन मिंटाचं काम." तेपण केलं. कॅमेरा दिसला की ती ओठ असे घट्ट मिटते की जणू आधार कार्डाचा फोटो चाललाय.

मध्ये एका रविवारी सातारहून औंधला जाऊन भवानी म्युझियममधली रविवर्म्याची चित्रं बघून आलो, पण ती सैरंध्री पडली तरुण, तिचे ओठ काय कुणीही काढेल (नाही काढणार, पण कळलं ना).

सेझान या फ्रेंच चित्रकाराचं वाचल्यापासून मात्र जरा बरं वाटतंय. १८९९ साली त्यानं व्होलार नावाच्या चित्रविक्रेत्याचं पोर्ट्रेट करायला घेतलं, व्होलारनंच लिहून ठेवलंय की ११५ वेळा बसलो, अजिबात हलायचं नाही, एकदा बिचाऱ्याला डुलकी लागली आणि तो धाडकन खाली पडला तर सेझान त्याच्यावरच खेकसला, सफरचंद कधी हलतं का म्हणून! एवढं करून चित्र अर्धवटच सोडलं. हातावर दोन बारके ठिपके कोरे राहिले, कारण तिथं चुकीचा रंग पडला तर तिथून सगळं चित्र परत करावं लागेल. समाधान कशाचं, तर शर्टाच्या पुढच्या भागाचं. मला हे शंभर टक्के पटलं.

आज्जीला सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "बसायचं पैसं दिलं का न्हाई त्याला?"

म्हणलं, अगं तोच याची चित्रं विकायचा.

"मग बसंल की."

काल तो कोपरा इतक्यांदा खोडला की कागदाला भोकच पडलं. आज्जीनं चष्मा पुसून नीट बघितलं. "ह्ये बराबर आलंय बघ. कवळी काढल्यावर आसंच दिसतंय." आणि मी चिडलोय हे बघून वर हसली, डाव्या बाजूनं, आणि माझ्या हातात तेव्हा पेन्सिल नव्हती.