केसांचं समन्यायी वाटप

आमच्या घरात टक्कल आहे, हे मला अण्णांच्या दहाव्याला कळलं. अण्णा म्हणजे माझे आजोबा. त्यांचं उघडं डोकं मी आयुष्यात फार तर चार-पाच वेळा पाहिलं असेल. पहाटे उठले की टोपी डोक्यावर, रात्री झोपले की टोपी उशाखाली. त्यांच्या पिढीत डोक्यावर पटका, रुमाल नाहीतर टोपी असायचीच, त्यामुळं कुणाच्या टोपीखाली काय आहे हे बायकोला आणि कटिंग करणाऱ्याला सोडून कुणाला ठाऊक नसायचं. टोपी गेली आणि टक्कल आलं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

दहाव्याला गंगाखेडला गंगेच्या काठावर (आमच्याकडं गोदावरीला गोदावरी फक्त भूगोलाच्या पुस्तकात म्हणतात) भावकीतले आम्ही चौदा जण ओळीनं बसलो आणि वस्तरा फिरला. त्या दिवशी चौदाही डोकी सारखी. वीस-पंचवीस दिवसांनी मात्र उगवण दिसायला लागली. चुलतभावाचं डोकं हरभऱ्याच्या वावरासारखं दाटलं. माझं मागून आणि कानांवर झकास आलं. पुढं दोन्ही कोपऱ्यांत आणि टाळूवर तुटाळ. शेतात अशी तुटाळ पडली की आठ-दहा दिवसांत नांग्या भरून घेतात, म्हणजे रिकाम्या जागी पुन्हा बी टाकतात. मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. आरशापुढं उभं राहून पहिल्यांदा मनात आलं, डोक्यावर नांग्या भरता येतात का बघावं.

खरं तर गळती आधीच सुरू झाली होती. २०१६ साली मी बारावीला लातूरला होतो. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेच वर्ष. आम्ही सहा जण एका खोलीत, अंघोळ टँकरच्या नाहीतर बोअरच्या पाण्यानं, तीही दिवसाआड. डोक्यावरून पाणी घेतलं की केसांचा काथ्या व्हायचा. फरशीवर केस दिसले की मी पाण्याला शिव्या घालायचो, आणि पुढं कितीतरी वर्षं घालत राहिलो. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी एका वाक्यात लातूरच्या पाण्याची निर्दोष सुटका केली. जड पाण्यानं केस राठ होतात, तुटतात. कपाळाचे कोपरे मागं सरकवणं पाण्याला जमत नाही. ते काम डीएचटी नावाच्या संप्रेरकाचं. पुढच्या आणि टाळूवरच्या मुळांना ते सोसत नाही, दर फेऱ्याला मूळ आणखी बारीक होत जातं. मागच्या मुळांना त्याचं काही वाटत नाही. एकाच टँकरच्या पाण्यानं न्हालेल्या बाकी पाच जणांचे केस अजून शाबूत आहेत, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं म्हणा.

मुळांचा हा नाजूकपणा येतो कुठून, यावरून घरी एक संध्याकाळ गेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शांतपणे माझ्या मामाचं नाव घेतलं. "पोरं मामाच्या वळणावर जातेत."

माय भाकरी थापता थापता थांबली. "आमच्या भावाचं नाव कामून घेता? मामंजीच्या डोक्यावर कुठं कापूस पिकला व्हता?"

दोघांचंही बरोबर निघालं. त्यातलं एक महत्त्वाचं जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतं, पण बाकीची बरीच दोन्हीकडून येतात. मला दोन्हीकडचा वाटा मिळाला. जमिनीच्या वाटणीत असं कधी होत नाही.

मग मी शहरातल्या, केसांचं रोपण करणाऱ्या एका क्लिनिकला फोन केला. डॉक्टरऐवजी एक गोड आवाजाचे काउन्सेलर बोलले. मोबाइलवर पाठवलेल्या दोन फोटोंवरून त्यांनी अठ्ठावीसशे ग्राफ्ट (म्हणजे काढून लावायची केसांची मुळं), पस्तीस रुपयांना एक, असा हिशेब काढला. अठ्ठ्याण्णव हजार. "सर, ऑफर एकतीस तारखेपर्यंतच आहे." केस जायला माझी नऊ-दहा वर्षं लागली होती आणि परत आणायला यांनी अकरा दिवस दिले. ऑपरेशन कोण करणार, असं विचारलं तर "आमची टीम आहे सर" एवढंच उत्तर. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे काम शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचं आहे, व्हिडिओ पाहून शिकलेल्याचं नाही. सरकारला असं लिहून सांगावं लागतं, यातच सगळं आलं. त्यानंतर मी डॉक्टर बाईंकडे गेलो.

त्यांनी आधी एक चित्र दाखवलं. नॉरवुड नावाच्या डॉक्टरनं १९७५ साली टकलांची सुधारून मांडलेली पट्टी, एक ते सात. सातव्या चित्रात कानामागून फक्त एक झालर उरलेली. मी तिसऱ्यावर होतो. पण मला जे चित्रापेक्षाही पटकन कळलं ते पुढचं. यात नवा केस एकही तयार होत नाही. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातून मिलिमीटरभर जाडीच्या पोकळ नळीनं एकेक मूळ उपसायचं आणि पुढं लावायचं. कांद्याचं रोप वाफ्यातून काढून रानात लावतो तसं. एका मुळात एक ते चार केस. सहा-आठ तासांची बैठक, डोकं बधिर केलेलं, माणूस जागा. म्हणजे हा सगळा मामला वाटपाचा.

आणि वाटप मराठवाड्याच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. पंधरा ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी साठा असला की वर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. कायदा २००५ चा, आकडा त्याखाली २०१४ साली ठरलेला. मग दर टंचाईच्या वर्षी तिकडून विरोध, इकडून मोर्चे, मधे कोर्ट. माझं कपाळ म्हणजे मराठवाडा आणि मानेच्या वरचा पट्टा म्हणजे नाशिक-नगर. फरक एवढाच, की वरची धरणं पुढच्या पावसाळ्यात पुन्हा भरतात. माझ्या मागच्या धरणाला पाणलोटच नाही. बहुतेकांच्या डोक्यातून उभ्या जन्मात पाच-सहा हजार मुळांच्या पुढं काढता येत नाहीत, काढली तर मागचंही विरळ दिसायला लागतं. त्यातली अठ्ठावीसशे मी सत्ताविसाव्या वर्षी एकतीस तारखेच्या आत सोडायची होती.

बरं, सोडली तर काय होतं? न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेन्ट्राइख या डॉक्टरांनी १९५० च्या दशकात दाखवून दिलं, की लावलेला केस जिथून आणला तिथला स्वभाव सोडत नाही. आमच्या गावचा माणूस वीस वर्षं पुण्यात राहिला तरी ताटात ठेचा शोधतो, तसं. त्यामुळं लावलेले केस टिकतात. पण त्यांच्या मागचे मूळचे रहिवासी आपल्या वेळापत्रकाप्रमाणं जातच राहतात. मी तिसऱ्या चित्रावर थांबणार की सहाव्यावर जाणार, हे आज कुणी सांगू शकत नाही. सहाव्यावर गेलो तर कपाळाच्या बांधावर हिरवीगार रांग आणि मागं सगळा माळ. टकलापेक्षा ते वाईट, कारण ते बघितल्यावर पैसे मोजल्याचं दिसतं.

शिवाय लावलेले केस दोन-चार आठवड्यांत गळून पडतात, मूळ आत राहतं. तीन-चार महिन्यांनी नवी उगवण, खरं पीक दिसायला वर्ष. बाई हे सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. बहुधा इथं बरेच जण घाबरतात. मी नाही घाबरलो. जूनमध्ये पेरून जुलैत आभाळाकडे बघत बसायची सवय घरातच आहे.

बाईंनी आधी औषध लिहून दिलं. मिनॉक्सिडिल मूळचं रक्तदाबाचं औषध. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा ते डोक्याला लावायचं ठरलं. म्हणजे आबांच्या बीपीच्या गोळीच्या भावकीतलं. रोज मोजून एक मिली, सकाळ-संध्याकाळ. ठिबकच म्हणायचं, बंद केलं की काही महिन्यांत पुन्हा सुकणार. दुसरी फिनॅस्टेराइडची गोळी, एक मिलिग्रॅम. तिचा एक दुष्परिणाम, थोड्या जणांनाच होणारा, बाईंनी अगदी सपाट आवाजात सांगितला आणि मी खिडकीबाहेर बघितलं. लग्न जमावं म्हणून केस वाचवायचे आणि त्या पायी असल्या गोष्टीची काळजी करायची, हा व्यवहार मला अजून पचलेला नाही. गोळीची चिठ्ठी पाकिटात आहे.

लग्नाचं म्हणाल तर बायोडाट्यात उंची, पगार, कोरडवाहू किती, बागायती किती, सगळ्याला रकाना आहे, केसांना नाही. ते काम फोटो करतो. माझा फोटो तीन वर्षांपूर्वीचा आहे. एका ठिकाणी पोहे खाताना मुलीचा लहान भाऊ एकदा मोबाइलकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता. तो काही बोलला नाही, पण त्याच्याइतकी बारीक चौकशी मध्यस्थानंही केली नव्हती.

"जसे आहोत तसे स्वीकारावं रे," असं मला आजवर सात-आठ जणांनी सांगितलं. सगळ्यांच्या डोक्यावर ऊस होता.

आबांना आकडा सांगितला तेव्हा ते कडबा रचत होते. "एक बोअर होतंय की त्यात," म्हणाले. आमच्या रानात चार बोअर पाडलेत, त्यातले तीन कोरडे. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "पाणी लागंल ह्याची ग्यारंटी हाय का?"

"लागतं आबा. पण पुढं पाऊस कसा होतोय ते माहीत नाही."

"मग आत्ताच कामून पाडायलास?"

त्यांनी पेंढी रचली. पैसे देत नाही असं म्हणाले नाहीत. त्यामुळं निर्णय परत माझ्याकडेच आला.

सध्या दर महिन्याच्या एक तारखेला त्याच ट्यूबखाली, त्याच आरशापुढं मी डोक्याचे चार फोटो काढतो. बाईंनी वर्षभराचे मागितलेत. पाच झालेत. तिसऱ्यात आणि पाचव्यात फरक आहे असं मला वाटतं. मित्राला वाटत नाही. मायनं चष्मा लावून पाहिलं आणि "सुकलास लेकरा" एवढंच म्हणाली.

परवा कटिंगला गेलो होतो. दुकानातले दादा पूर्वी "पुढून किती ठेवू?" विचारायचे, आता विचारत नाहीत. कटिंग झाल्यावर रिवाजाप्रमाणं त्यांनी मागं आरसा धरला. पूर्वी मी न बघताच मान हलवायचो. या वेळी मान खाली घालून नीट बघितलं: कानापासून कानापर्यंत, काळाभोर, काठोकाठ.

"बरोबर हाय ना?" दादांनी विचारलं.

"हाय," म्हटलं, "पण जरा धरा अजून."