पिन काढली आणि पाचपट स्वरयंत्र वाजलं

मंडळी, माणसाच्या स्वरयंत्राचं पाचपट मोठं मॉडेल मी थ्रीडी प्रिंटरवर छापून जोडतोय, ते वाजलं एकदाचं! खर्जातली, जराशी फाटकी घरघर आहे, पण नुसती हवेची फुसफुस नाही. दोन्ही स्वरपट्ट्या एकमेकींवर आपटून निघालेला खराखुरा आवाज. मागच्या वेळी आवाजाऐवजी फुसफुसच येत होती, तिचं मूळ सापडलंय, म्हणून आज थोडं लांबण लावतोय.

थायरॉइड (पुढची ढालीसारखी कूर्चा, म्हणजे मऊ हाड) आणि क्रिकॉइड (तिच्याखालची अंगठीसारखी कूर्चा) आधीच छापून झाल्या आहेत. घोडं अडलं होतं अॅरिटेनॉइडपाशी, म्हणजे स्वरपट्ट्यांची मागची टोकं जिला जोडलेली असतात त्या जोडीतल्या छोट्या कूर्चेपाशी. बऱ्याच आकृत्यांत ही कूर्चा उभ्या अक्षाभोवती गरकन फिरताना दाखवतात. त्याप्रमाणे क्रिकॉइडच्या मागच्या पाटीवर स्टीलची उभी पिन आणि पिनेवर अॅरिटेनॉइड अशी जोडणी होती. स्नायूंच्या जागी दोऱ्या आहेत. पट्ट्या जवळ आणणाऱ्या लॅटरल क्रिकोअॅरिटेनॉइड स्नायूची दोरी ओढली की दोन्ही व्होकल प्रोसेसची (अॅरिटेनॉइडचा पुढचा सुळका, त्यालाच स्वरपट्टी जोडलेली असते) टोकं छान जुळायची, मागे मात्र तिकोनी फट राहायची आणि सगळी हवा तिथून पसार. माणूस कुजबुजतो तेव्हाही हीच मागची फट उघडी असते, त्यामुळे आमचं यंत्र कायमचं कुजबुजत बसलं होतं. ती मिटवायचं काम इंटरअॅरिटेनॉइडचं, म्हणजे दोन्ही अॅरिटेनॉइडना जोडणाऱ्या स्नायूचं. त्याची दोरी जीव खाऊन ओढली तरी काही हलेना, कारण पिन फिरू देते, सरकू देत नाही. पिन बारीक केली, भोक कानशीने घासून सैल केलं. मग अॅरिटेनॉइड डुगडुगायला लागली, आणि गंमत म्हणजे डुगडुगताना फट क्षणभर मिटायची.

भाची इथेच वैद्यकीय महाविद्यालयात शिकते. तिला व्हिडिओ पाठवला. उत्तर आलं, "मामा, ती पिन काढून टाका ना. तिथं खिळा नसतोय, उतार असतोय."

उतारच असतो. क्रिकॉइडच्या पाटीच्या वरच्या कडेला दोन्ही खांद्यांवर सांध्याचा लंबगोल, फुगीर भाग असतो. तो बाहेर, खाली आणि पुढे उतरतो. लाटण्याचा तुकडा तिरपा ठेवावा तसा. अॅरिटेनॉइडचं खोलगट बूड त्यावर बसतं आणि मुख्यतः त्याच्याभोवती डोलतं: स्वरपट्ट्या उघडताना व्होकल प्रोसेस वर आणि बाहेर, मिटताना खाली आणि आत. शिवाय उताराच्या दिशेने थोडी सरक. आकृती सपाट कागदावर वरून काढलेली असते, त्यात हे वर-खाली दिसणार कसं? माझं मत विचाराल तर ती गरकन फिरणारी आकृती सरळ रद्द करावी.

नवा सांधा पीईटीजी प्लास्टिकमध्ये छापला. पुण्या-नाशकात नेहमीचं पीएलए प्लास्टिक चालत असेल, तर खुशाल वापरा. सोलापुरात मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत दोरीच्या ताणाने ते हळूहळू वाकतं. दोन्ही पृष्ठभाग पाण्याच्या पॉलिश पेपरने ६०० पासून २००० पर्यंत घासले, वर सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात. इंटरअॅरिटेनॉइड ओढलं तर दोन्ही कूर्चा अलगद जवळ आल्या, फट गायब! हे मी नुसतं बघत बसलो होतो, हवा सोडायचंही सुचेना.

सुख फार टिकलं नाही. स्वरपट्ट्या बसवून ताण दिला की अॅरिटेनॉइड उतारावरून पुढे घसरून खाली पडायची. खऱ्या घशात तिला मागून धरून ठेवतं ते पोस्टेरिअर क्रिकोअॅरिटेनॉइड लिगामेंट, म्हणजे सांध्याला बांधून ठेवणारा चिवट पट्टा. आकृत्यांत ते कुठेतरी कोपऱ्यात असतं, पण सगळा सांधा त्याच्या जिवावर उभा आहे. त्यासाठी फिशिंग लाइन घेऊ नका, नायलॉन ताणत जातं. मी पूर्व भागातल्या एका चादरीच्या कारखान्यातून जकार्डची (नक्षी विणणाऱ्या मागाची) जुनी दोरी आणली. ती वर्षानुवर्षं ओढाताण सोसलेली, आता आणखी ताणायची नाही. लिगामेंटची लांबी जुळवण्यातच सगळा वेळ गेला. केसभर आखूड झालं तर पट्ट्या मिटत नाहीत, केसभर लांब झालं तर पुन्हा घसरण.

त्याच कारखान्यातले, माग सांभाळणारे जॉबर मामा दोऱ्या ओढायला लावलेल्या माझ्या सर्व्हो मोटारींचा पसारा फोटोत बघून म्हणाले, "मोटार कशाला? वजन लावा की." आणि जकार्डच्या दोऱ्यांना खाली लटकवतात त्या लोखंडी सळ्या मूठभर दिल्या. सर्व्हो रद्द! एकसारखा ताण, आवाज नाही, आणि लाइट गेली तरी काम चालू.

स्वरपट्ट्या दोन थरांच्या आहेत: आत घट्ट, वर अगदी मऊ सिलिकॉन. स्वरतज्ज्ञ हिरानो यांनी १९७४ मध्ये मांडलेली गाभा आणि आवरणाची कल्पना तीच. प्लॅटिनमवालं (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं) सिलिकॉन ओतताना लॅटेक्सचे हातमोजे घालू नका, त्यातल्या गंधकाने ते चिकटच राहतं. हार्डवेअरच्या दुकानातलं आंबूस वासाचं सीलंट तर इथे कामाचंच नाही, जाड थरात आतून वाळत नाही. साधं बोलताना माणसाला ५ ते १० सेंटीमीटर पाण्याइतका दाब पुरतो. दाब मोजायच्या यू-नळीवर बघितलं तर आमचा पठ्ठ्या अजून त्याहून बराच जास्त मागतो. वरचा थर आणखी मऊ हवा.

पुढचा नंबर एपिग्लॉटिसचा, म्हणजे गिळताना स्वरयंत्र झाकणाऱ्या झडपेचा होता. पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं: वजनं आहेतच, तर एका बाजूच्या सगळ्या दोऱ्या एकाच कडीत का ओवू नयेत? ती कडी म्हणजे रिकरंट नर्व्ह, त्या बाजूच्या जवळजवळ सगळ्या स्नायूंना हुकूम देणारी नस. कडी सोडली की त्या बाजूचे स्नायू ढिले, फक्त पट्टी ताणणारा क्रिकोथायरॉइड स्नायू ताणलेला, कारण त्याची नर्व्ह वेगळी. उघडणारा एकुलता एक स्नायू, पोस्टेरिअर क्रिकोअॅरिटेनॉइड, तोही गेला म्हणजे ती पट्टी बाजूला होणारच नाही. थांबा, आडव्या इंटरअॅरिटेनॉइडला दोन्ही बाजूंच्या नर्व्ह मिळतात. त्याची दोरी दोन्ही कड्यांना बांधावी लागेल. आणि डावी नर्व्ह महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते, उजवी बरीच वर, हाताकडे जाणाऱ्या सबक्लेव्हियन धमनीखालून, तर डावी दोरी टेबलाच्या खालपर्यंत न्यायलाच हवी. म्हणजे स्टँड पुन्हा उंच करणं आलं. एपिग्लॉटिस थांबेल.

कुणाकडे शोर ००-३० (मऊपणा मोजायचं माप) पेक्षा मऊ सिलिकॉन उरलं असेल तर सांगा. थोडंसंच हवंय, कुरियरचा खर्च माझा.